चौथा पिंजरा

"सही केली की मी सुटले," डॉ. मनाली बोरस्ते म्हणाली, "आणि सही केली की संपलेसुद्धा."

तिने टाइप केलेला एक कागद टेबलावर ठेवला. मंगळवारची सकाळ होती, साडेनऊ वाजले होते. अशोक स्तंभाजवळच्या त्या पहिल्या मजल्यावरच्या ऑफिसात पंखा फिरत होता, तरी तिच्या कपाळावर घाम होता.

खासगी तपास करणाऱ्या वेदिका जेजुरकरने कागद वाचला. 'औषधाची मात्रा मोजण्यात माझ्याकडून चूक झाली. त्यामुळे प्रयोगातील नऊ उंदीर दगावले. याची संपूर्ण जबाबदारी माझी आहे.'

"हे तुम्ही लिहिलंय?"

"नाही. कोठावदे सरांनी. माझ्या भल्यासाठी, असं ते म्हणाले. आज चार वाजता नैतिक समितीची बैठक आहे. सही केली तर नुसती समज देऊन सोडतील म्हणे. नाही केली तर चौकशी, प्रयोग रद्द आणि नोकरीचं काय ते विचारूच नका. मी अजून प्रोबेशनवर आहे."

"आणि मात्रा खरंच चुकली होती का?"

"नाही." मनाली खुर्चीत पुढे सरकली. "बारा उंदरांना एकाच बाटलीतलं, वजन करून औषध दिलं. नऊ मेले, तीन ठणठणीत. मला काही कळेनासं झालंय. काल रात्रभर झोपले नाही. जिकडे जावं तिकडे माझीच सही पुढे येते."

कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेल्या भिमाजी मामांनी सहानुभूतीने मान हलवली. मामा मनमाडला रेल्वेत तिकीट तपासनीस होते. निवृत्त झाल्यापासून भाचीच्या ऑफिसात येऊन बसतात. आयुष्यभर त्यांनी लोकांची तिकिटं तपासली, पण खोटं बोलणारा माणूस त्यांना आजवर एकदाही ओळखता आलेला नाही. वेदिकाला मात्र ते लागतात. त्यांच्याशी बोलता बोलता तिचा विचार सरळ होतो.

"पहिल्यापासून सांगा," वेदिका म्हणाली. "आम्हाला यातलं काही येत नाही, असं धरून."

मनालीने सांगितलं. ती मूळची वणीची. तीन महिन्यांपूर्वी नाशिकच्या एका खासगी विद्यापीठात औषधशास्त्र शिकवायला लागली. हा तिचा प्राण्यांवरचा पहिलाच स्वतंत्र प्रयोग. त्यासाठी समितीकडे अर्ज करावा लागतो: किती उंदीर, कशासाठी, त्यांना त्रास कमी कसा होईल, शेवटी त्यांचं काय करणार. अर्ज दोनदा परत आला. तिसऱ्यांदा डॉ. ज्ञानेश कोठावदे यांनी शेजारी बसवून तो लिहून घेतला. ते विभागातले ज्येष्ठ आणि प्राणीगृहाचे प्रमुखही.

"नव्या माणसाला कोण एवढा वेळ देतं हो?" मनाली म्हणाली. "औषधांच्या कपाटाची किल्ली कायम स्वतःकडे ठेवायची, कुणालाही द्यायची नाही, हेसुद्धा त्यांनीच शिकवलं. प्रत्येक पानावर प्रमुख संशोधक म्हणून माझी सही. आता तीच पानं माझ्या गळ्याशी आलीत."

"प्रयोग कशाचा?"

"द्राक्षाच्या बियांचा अर्क. त्याने मधुमेह आटोक्यात येतो, असा सरांचा गाजलेला शोधनिबंध आहे. तेच मी मोठ्या गटावर करून बघणार होते. आधी सहा उंदरांवर करून पाहिलं, तर काही फरक दिसेना. शुक्रवारी चहा पिताना सरांना आकडे दाखवले. ते म्हणाले, एवढ्यावरून काही ठरत नसतं, मोठ्या गटात बघू."

"मग मोठा गट रविवारी."

"हो. आधी उंदरांना मधुमेह करावा लागतो. शनिवारी रात्री त्यांना उपाशी ठेवलं. रविवारी सकाळी औषध दिलं, त्याने स्वादुपिंड बिघडतं. पण ते बिघडताना आतलं सगळं इन्सुलिन एकदम बाहेर पडतं. पहिल्या रात्री उंदराची साखर एवढी उतरते की तो मरू शकतो. म्हणून लगेच खाणं द्यायचं आणि पाण्याऐवजी ग्लुकोजचं पाणी ठेवायचं. ते मी ठेवलं. दीड वाजता निघाले तेव्हा चारही पिंजऱ्यांवर माझ्या हातच्या बाटल्या होत्या."

"आणि सोमवारी सकाळी?"

"बाटल्या होत्या तिथेच. भरलेल्या. पाणी गोड होतं, मी बोटाला लावून बघितलं. खाणंही होतं. म्हणूनच तर सगळे म्हणतात की साखर उतरून मेले नाहीत, औषध जास्त झालं. मी काय उत्तर देऊ?"

"शवविच्छेदन?"

"ठोस काही निघालं नाही."

वेदिकाने कागदाची घडी केली आणि मनालीच्या हातात दिली. "चार वाजेपर्यंत यावर सही करू नका. चला, तुमचं प्राणीगृह दाखवा."

*

प्राणीगृहाला दोन दारं होती. पहिलं बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नव्हतं. मधल्या खोलीत उभं राहिल्यावर मामांचा जीव कासावीस झाला. पुढे कुलूप, मागे कुलूप, आणि अंगावर कागदी कोट, तोंडावर मास्क.

"आत उंदीर आहेत की आपण, तेच कळेना," ते पुटपुटले.

"मी तीन महिने हेच रोज करते, मामा," मनाली म्हणाली. "परवापर्यंत आवडायचं."

मधल्या खोलीत एक मोरी होती, बाटल्या धुऊन पालथ्या घालायची जाळी होती आणि भिंतीवर रंगीत कार्डांचा खोका होता. खोक्यावर लिहिलेलं होतं: पांढरं कार्ड, नेहमीचं खाणं-पाणी. पिवळं कार्ड, औषध दिलं आहे, बाटलीला हात लावू नये. लाल कार्ड, उपाशी, फक्त साधं पाणी.

"इथे सगळं कार्डावर चालतं," मनाली म्हणाली. "आम्ही पिंजऱ्यावर कार्ड लावायचं, मल्हारीभाऊ ते बघून काम करतात. तोंडी निरोप द्यायचा नाही, असा नियम आहे. शनिवारी मी लाल लावली होती. रविवारी ती काढून या खोक्यात टाकली आणि पिवळी लावली."

आतल्या खोलीत गार हवा होती. भुसा आणि उंदरांचा उग्र वास येत होता. लांब फळीवर तीन पिंजरे रिकामे होते. चौथ्यात तीन पांढरे उंदीर एकमेकांना चिकटून बसले होते. मनालीने त्यांच्याकडे बघितलं आणि पटकन नजर वळवली.

"ह्यांना नवी बाटली दिली. बाकी चौकशीसाठी सगळं जसंच्या तसं ठेवलंय. जुन्या चार बाटल्या मी सोमवारी साडेआठला सरांसमोर पिशवीत घालून सीलबंद केल्या."

"किती भरलेल्या होत्या?"

"वरच्या रेघेपर्यंत."

"चारही?"

"चारही."

वेदिका चौथ्या पिंजऱ्यापाशी वाकली. मग तिने मनालीकडून चिमटा मागून घेतला आणि भुशातून काहीतरी उचललं. काडीएवढं बारीक, तपकिरी, एका टोकाला जरासं जाड.

"भुशातली काडी," मामा म्हणाले.

"असेल," असं म्हणून वेदिकाने ती कागदात गुंडाळून पर्समध्ये टाकली.

दारावरच्या नोंदवहीत रविवारी चौघांची नावं होती. मनाली दहा ते दीड. कोठावदे अडीच ते दोन चाळीस, कारण 'एसी तपासणी'. संजना निकम साडेतीन ते तीन पस्तीस, कारण 'वही राहिली'. मल्हारी पाच ते पावणेसहा. सोमवारी पहिली नोंद संजनाची, पावणेआठ. मग कोठावदे, सात पंचावन्न.

*

संजना निकम पीएच.डी. करत होती. आधी कोठावदेंकडे होती, आता मनालीच्या मदतीला. डोळे रडून सुजले होते.

"रविवारी वही घ्यायला आलात, तेव्हा आत गेलात?"

"नाही मॅम. वही मधल्या खोलीतच राहिली होती. घेतली आणि निघाले."

"आणि सोमवारी?"

"वजनं घ्यायची होती म्हणून लवकर आले. आतलं दार उघडलं, लाईट लावला आणि..." ती थांबली. "सगळे आडवे पडलेले. मी पुढे गेलेच नाही. मागेच फिरले. मोरीवर तोंड धुवायला गेले तर तिथे मुंग्यांची ही रांग! हातावर चढल्या. मी ओरडलेच. तेवढ्यात सर आले."

"मुंग्या नेहमी असतात?"

"छे! मल्हारीभाऊ चालूच देत नाहीत. मुंग्या आल्या तर उंदरांना चावतात, म्हणून ते फार जपतात."

"मग सर काय म्हणाले?"

"म्हणाले, घाबरू नकोस, मॅमना फोन कर. इथे आत फोन लागत नाही, म्हणून गेटवर जा म्हणाले. मी गेले. मॅमचा फोन लागेना. लागेपर्यंत पंधरा-वीस मिनिटं गेली. परत आले तर सर दारातच उभे होते. मला म्हणाले, आता आत कुणी जायचं नाही, मल्हारीलासुद्धा सोडू नकोस."

"सोमवारी सर नेहमी आठला येतात?"

"दहाला येतात," संजना म्हणाली, आणि मग तिलाच आश्चर्य वाटलं. "त्या दिवशी कसे काय आले, कोण जाणे."

ती गेल्यावर मामा हळूच म्हणाले, "पोरगी घाबरलीये. काहीतरी लपवतेय बघ."

"मामा, तुम्ही मनमाडला किती फुकटे पकडलेत?"

मामा घड्याळात बघू लागले.

*

मल्हारी मागच्या व्हरांड्यात गवताच्या जुड्या बांधत होता. पन्नाशीचा माणूस, कळवणकडचा. वीस वर्षं इथेच काम केलेलं. मनालीला बघून तो उठून उभा राहिला, पण मान वर केली नाही.

"मल्हारीभाऊ, रविवारी संध्याकाळी तुम्ही काय काय केलंत?"

"जे रोज करतो तेच, ताई. कार्ड बघितलं, कार्डापरमाणं केलं. साहेबास्नी बी तेच सांगितलं."

"साहेबांनी काय विचारलं होतं?"

"विचारलं, कार्डापरमाणं केलं का? मी म्हनलं, व्हय. मंग म्हनले, जा."

"चौथ्या पिंजऱ्यातले तिघे वाचले. कसे, काही सुचतं का?"

मल्हारीच्या हातातली जुडी सुटली. "मला काय ठावं? आपुन अडानी मानूस. देवाची करनी."

"त्यांच्यातला एखादा तुमच्या लाडाचा आहे का?"

"लाड नाय ना चालत हितं," तो घाईघाईने म्हणाला. "मागल्या साली पोळीचा तुकडा टाकला म्हनून शेवटची ताकीद दिली मला. आता बाहेरचं कायबी टाकत नाय मी. ईचारा कुनालाबी."

खाण्याबद्दल कुणी विचारलंच नव्हतं. वेदिकाने ते मनात टिपलं. तिचं लक्ष त्याच्या खिशातून डोकावणाऱ्या छोट्या वहीकडे होतं.

"ही कसली वही?"

"माझीच हाय. काय काम केलं त्ये लिहून ठेवतो. डोक्यात ऱ्हात नाय आता."

"चार वाजता बैठकीला येताना घेऊन या. त्यात आता काही खोडू नका आणि घालू नका."

परत येताना मनाली म्हणाली, "पहिल्या दिवशी त्यांनीच मला उंदीर धरायला शिकवलं. गेणू नावाचा उंदीर हातात दिला होता. नंबर आहे त्याला, पण ते गेणूच म्हणतात. त्यांनी काही वाईट केलं असेल असं मला वाटत नाही हो."

"हा गेणू आहे कुठे?"

"चौथ्या पिंजऱ्यात," मनाली म्हणाली.

*

प्राणीगृहासमोरच विभागाची चहाची खोली होती. लताबाई तिथे चहा करत. मामांनी आधी बोटाला सुई टोचली, पट्टी यंत्रात घातली, आकडा बघून तोंड वाकडं केलं आणि बिनसाखरेचा चहा मागितला.

"तुमी बी बिनसाखरेचे का?" लताबाई म्हणाल्या. "आमचे कोठावदे सर तसेच. चार वर्षं झाली, साखरेचा दाणा नाही त्यांना. बरं हाय, नाहीतर माझी साखर पुरतेय कुठं! शनिवारी डबा गच्च भरून गेले होते. सोमवारी येऊन बघते तर झाकण तिरकं आन वाटीभर साखर गायब. ओट्यावर सांडलेली ती येगळीच."

"कुणी घेतली?"

"पोरं घेत असतील, दुसरं कोन?"

"खोली बंद असते ना? किल्ली कुणाकडे?"

"एक माझ्याकडं, एक कोठावदे सरांकडं. पन सरांना साखर काय करायची? पोरांनीच कायतरी करून उघडलं असंल."

वेदिकाने चहा संपवला. "मामा, तुमच्या त्या यंत्राच्या पट्ट्या किती उरल्यात?"

"असतील सात-आठ. का? तुला काय झालं?"

"मला काही नाही. चार वाजता लागतील."

मामांना काही उलगडलं नाही. त्यांनी डबी खिशात आणखी खोल सरकवली.

डॉ. ज्ञानेश कोठावदे आपल्या केबिनमध्ये भेटले. सौम्य, पांढऱ्या केसांचे, बोलणं मऊ. पुढच्या महिन्यात त्यांची अधिष्ठातापदासाठी मुलाखत होती.

"मनाली हुशार आहे," ते म्हणाले. "पण पहिल्यांदा सुई हातात घेताना हात थरथरतो. माझाही थरथरला होता. चौथ्या पिंजऱ्यापर्यंत औषध संपत आलं असेल, त्यांना कमी गेलं, ते वाचले. एवढी साधी गोष्ट आहे. तिने सही करावी, मी सांभाळून घेतो."

"बाटल्या तुम्ही स्वतः पाहिल्यात?"

"अहवालात लिहिलंय मी. चारही बाटल्यांत दहा टक्के ग्लुकोजचं पाणी होतं. तिने तेवढं बरोबर केलं होतं."

"तुम्ही सोमवारी लवकर आलात."

"एसी नीट चालतोय का, बघायला. रविवारी कुरकुर करत होता." त्यांनी मनालीकडे बघितलं. "बाळ, हट्ट करू नकोस. त्याने तुझंच नुकसान होईल."

बाहेर आल्यावर मनाली भिंतीला टेकली. "ते इतकं प्रेमाने बोलतात की मलाच वाटायला लागतं, माझंच चुकलं असेल."

*

चार वाजता समितीच्या खोलीत लांब टेबलाभोवती पाच माणसं बसली. अध्यक्ष डॉ. दीपमाला मंडलिक करड्या आवाजाच्या होत्या. त्यांच्या उजव्या हाताला कोठावदे. मनाली टेबलाच्या टोकाला एकटी. तिच्यासमोर तोच कागद आणि एक पेन. मल्हारी, संजना आणि लताबाई भिंतीला लागून उभे होते.

"बाहेरच्या माणसांना इथे बोलायची पद्धत नाही," दीपमालाबाई म्हणाल्या.

"दहा मिनिटं द्या," वेदिका म्हणाली. "नंतर तुम्ही सांगाल तसं."

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं आणि मान हलवली.

"पहिली गोष्ट. मात्रा जास्त झाली असती, तर एक पिंजरा सबंध वाचला नसता. सर म्हणतात, शेवटी औषध कमी पडलं. मग या तिघांना मधुमेह झालाच नसता. काल यांची साखर तपासली आहे ना?"

मनालीने हातातली नोंद पाहिली. "तिघांचीही चारशेच्या वर आहे. औषध पुरेपूर लागलंय त्यांना."

"म्हणजे औषध सगळ्यांना सारखंच गेलं. नऊ साखर उतरून मेले आणि तिघांना साखर कुठून तरी मिळाली. कुठून, ते भुशात सापडलं." तिने कागदाची पुडी उघडून ती बारीक काडी टेबलावर ठेवली. "मामा म्हणाले भुशातली काडी आहे. गावाकडची आमची शेती फुलांची असली तरी शेजारचा बांध द्राक्षवाल्यांचा आहे. बेदाण्याचं देठ आहे हे. बेदाण्यात साखर असते. मल्हारीभाऊ, किती टाकलेत?"

मल्हारी भिंतीपासून एक पाऊल पुढे आला. "मूठभर. बहीन वणीला असते, तिनं दिले व्हते. तेवढेच व्हते खिशात." तो मनालीकडे वळला. "मॅडम, म्या बेदाने टाकले म्हनून तुमचा परयोग नासला. त्याच्यापायी तुमच्यावर आलं. मला बोलायची हिंमत नाय झाली."

"उलट आहे, भाऊ," वेदिका म्हणाली. "का टाकलेत, ते सांगा."

"शनवारची रात उपाशी व्हते ना! रइवारी जरा खानं मिळालं तर सांजच्याला परत लालच कार्ड. दोन राती उपाशी कोन ठेवतं? गेणू माझ्याकडं बघत व्हता. नाय ऱ्हावलं."

दीपमालाबाईंनी लिहिता लिहिता पेन थांबवलं.

"लाल?" दीपमालाबाई म्हणाल्या. "रविवारी संध्याकाळी?"

"वही वाचा," वेदिका म्हणाली.

मल्हारीने वही उघडली आणि अक्षर अक्षर लावत वाचलं. "रइवार, सांज. चार पिंजरे, लाल कार्ड. खानं काढलं. गोड पानी मोरीत वतलं, बाटल्या धुऊन पालथ्या घातल्या. साध्या पान्याच्या दुसऱ्या बाटल्या लावल्या."

"मी लाल काढली होती!" मनाली जवळजवळ ओरडली. "स्वतःच्या हाताने."

"काढली होती. तुम्ही गेल्यानंतर कुणीतरी ती पिवळ्यांवर परत लावली. त्याला ना उंदरांना हात लावावा लागला, ना बाटलीला. फक्त चार कार्डं. इथे सगळं कार्डावर चालतं आणि तोंडी कुणी कुणाला विचारत नाही, हे त्याला माहीत होतं. बाकीचं काम मल्हारीभाऊंच्या इमानदारीने केलं."

मल्हारीने वहीतलं तेच पान पुन्हा बघितलं.

"सकाळी लवकर यायचं, लाल कार्डं काढायची, खाणं परत ठेवायचं, बाजूला काढून ठेवलेल्या गोड पाण्याच्या बाटल्या जागेवर लावायच्या. म्हणजे सगळं मनालीने ठेवलं तसं दिसणार आणि दोष मात्रेवर जाणार. पण दोन गोष्टी आड आल्या. संजना त्याच्या दहा मिनिटं आधी आली. आणि मल्हारीभाऊ मुंग्यांना जपतात. त्यांनी गोड पाणी ठेवलंच नाही, मोरीत ओतलं. संजनाच्या हातावर चढल्या त्या मुंग्या त्याच पाण्याला आल्या होत्या. आता माणूस अडचणीत आला. बाटल्या धुऊन पालथ्या घातलेल्या. गोड पाणी तर हवंच. ग्लुकोज मनालीच्या कपाटात आणि किल्ली मनालीकडे. संजनाला गेटवर पाठवलं, हातात पंधरा मिनिटं. मग त्याने समोरची खोली उघडली आणि हाताला लागली ती साखर घेतली."

"काय बोलताय तुम्ही?" कोठावदे शांतपणे म्हणाले. "बाटल्यांत ग्लुकोज आहे. मी पाहिलंय."

"मग प्रश्नच मिटला. सील तोडायची परवानगी द्या, बाई. मामा, यंत्र काढा."

मामांनी डबी काढली. यंत्र टेबलावर मांडलं. मनालीने आधी आपल्या कपाटातून आणलेल्या ग्लुकोजचं थोडं पाणी करून पट्टीला लावलं. यंत्राने आकडाच दाखवला नाही, 'हाय' एवढंच आलं. त्याच्या मोजमापापलीकडे ग्लुकोज होतं.

मग सीलबंद बाटली उघडली. दीपमालाबाईंनी स्वतः थेंब पट्टीवर टाकला. सगळे यंत्राकडे बघत होते.

'लो.'

दुसरी बाटली. 'लो.' तिसरी, चौथी. मामांच्या पट्ट्या संपत आल्या.

"पाणी गोड आहे," वेदिका म्हणाली, "पण त्यात ग्लुकोज नाही. ही पट्टी फक्त ग्लुकोज ओळखते, चहाची साखर ओळखत नाही. हे तुम्हाला मी सांगायला नको, सर. इथे सगळ्यांत जास्त तुम्हालाच माहीत आहे. बाटल्या भरलेल्या होत्या, कारण त्यातलं पाणी कुणी प्यालंच नव्हतं. साखरेच्या खोलीच्या किल्ल्या दोन. लताबाई नऊनंतर येतात. दुसरी किल्ली तुमची. रविवारी मनालीनंतर आणि मल्हारीभाऊंच्या आधी आतपर्यंत गेलेले तुम्ही एकटे. आणि सोमवारी ती पंधरा मिनिटं आत एकटे होतात, तेही तुम्हीच."

कोठावदेंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. समोरच्या चारही बाटल्यांवरून त्यांनी नजर फिरवली. मनाली त्यांच्याकडे एकटक बघत होती. अजूनही तिला वाटत होतं की ते काहीतरी समजावून सांगतील.

"सहा उंदीर," ते शेवटी म्हणाले. "सहा उंदरांचे आकडे घेऊन ही शुक्रवारी माझ्यासमोर बसली. काही फरक नाही म्हणाली, हसत हसत, चहा पिता पिता. बारा वर्षं तो निबंध माझं नाव आहे. एका महिन्याने अधिष्ठाता झालो असतो. मग केलं असतं हिने काय ते."

"सर," मनाली म्हणाली, "मला वाटलं होतं, माझंच मोजमाप चुकलं असेल. मी तुम्हाला विचारायला आले होते."

कोठावदेंनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

दीपमालाबाईंनी त्यांना खोलीबाहेर जायला सांगितलं. पुढची कारवाई विद्यापीठ करेल, अशी नोंद त्यांनी कोरड्या आवाजात करून घेतली. मनालीच्या पुढ्यातला कागद ओढून त्यांनी दोन तुकडे केले.

"डॉ. बोरस्ते, तुमच्यावरचा आक्षेप निकाली. नवीन बारा उंदरांची परवानगी सोमवारी मिळेल." त्या थांबल्या. "एक बाब मात्र राहते. प्राण्यांना बाहेरचं खाणं दिलं गेलं. हेतू काही असो, नोंद करावीच लागेल. मल्हारी यांना आधीच शेवटची ताकीद आहे."

मल्हारीने मान डोलावली. त्याने वही खिशात ठेवली, जणू आता निघायचंच आहे.

मनाली सुटली होती. दोन दिवसांत पहिल्यांदा तिला मोकळा श्वास घेता येत होता. ती उठून चालू लागली असती, तरी कुणी तिला नाव ठेवलं नसतं.

"बाई," ती म्हणाली, "ती नोंद माझ्या नावावर करा."

"का म्हणून?"

"माझ्या अर्जात एक रकाना आहे. प्राण्यांची देखभाल करणाऱ्यांना प्रयोगाची माहिती दिली आहे का? मी 'हो' लिहून सही केली. पण मी त्यांना फक्त कार्डाचे रंग सांगितले होते. गोड पाणी कशासाठी, ते काढलं तर काय होतं, हे तीन महिन्यांत एकदाही सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर लाल कार्ड बघून त्यांनी मला फोन केला असता. गेणूसाठी नोकरी पणाला लावणारा माणूस गप्प बसला नसता. त्यांना नुसत्या रंगावर चालावं लागलं, कारण मी त्यांना तेवढंच दिलं होतं."

"त्या रकान्यात सगळेच 'हो' लिहितात," बाई जरा मऊ आवाजात म्हणाल्या. "आणि ही नोंद तुमच्या नावावर गेली, तर परवानगी सहा महिने थांबेल. प्रोबेशन आहे तुमचं. विचार करा."

मामांनी वेदिकाकडे बघितलं. वेदिका खिडकीकडे बघत होती.

"केला," मनाली म्हणाली, आणि पेन उचललं. नोंदीच्या कागदावर तिने स्वतःची सही केली.

सगळे पांगले. मल्हारी व्हरांड्यात उभा होता, दोन्ही हात बाजूला लोंबत होते. मनाली जवळ येताच त्याने विचारलं, "मॅडम, मीच मारले ना ते नऊ? माझ्या हातानं?"

नाही म्हणणं सोपं होतं. मनालीने त्याच्या त्या मोठ्या, चरे पडलेल्या हातांकडे पाहिलं.

"आपल्या दोघांच्या हाताने, मल्हारीभाऊ," ती म्हणाली. "चला आत. तिघांना पाणी द्यायची वेळ झाली. गोड पाणी कशाला लागतं, ते मी तुम्हाला सांगते. आधीच सांगायला हवं होतं."